स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पहिल्यांदा जाताना: नोंदी, तक्रारी आणि तपासण्या

पाळीत दुखायचंच, अंगावरून थोडंफार पांढरं जायचंच, चाळिशीनंतर रक्त जास्त जायचंच, असं ऐकत ऐकत त्रास अंगवळणी पडतो. मग कधीतरी हिंमत करून डॉक्टरांसमोर बसलं, की "किती दिवसांपासून होतंय?" या साध्या प्रश्नाला "बऱ्याच दिवसांपासून" एवढंच उत्तर येतं. त्यावरून कुणालाही फारसं काही कळत नाही. गर्भाशय, अंडाशय, योनिमार्ग यांच्या बहुतेक तक्रारींचा माग रक्ताच्या अहवालाआधी तारखांमध्ये लागतो, आणि त्या तारखा फक्त तुमच्याकडे असतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी १: दोन-तीन महिने नोंद ठेवा

रक्तस्राव नीट सुरू होतो तो पहिला दिवस. तिथपासून पुढची पाळी येण्याच्या आदल्या दिवसापर्यंतचे दिवस म्हणजे तुमचं चक्र. अनेकजणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि २८ दिवसांचं चक्र २३ दिवसांचं समजून उगाच घाबरतात. प्रौढ वयात २४ ते ३८ दिवसांचं चक्र आणि ८ दिवसांपर्यंत रक्तस्राव हे सर्वसाधारण मानलं जातं. दर महिन्याला दोन-चार दिवस मागेपुढे होणं हा दोष नाही. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली दोन-तीन वर्षं चक्र ४५ दिवसांपर्यंतही लांबू शकतं.

नोंद वहीत ठेवा, कॅलेंडरवर ठेवा, मोबाइलवर ठेवा, पण ती अशी असू द्या:

१२ तारीख, पहिला दिवस. पॅड ४. दुखणं दहापैकी ६. दुपारी गोळी घेतली, दोन तासांनी बरं वाटलं.
१३ तारीख. पॅड ७. रात्री उठून बदलावं लागलं. दोन मोठ्या गुठळ्या. कामावर गेले नाही.
१४ तारीख. पॅड ५. शौचाला बसल्यावर कळ आली.
२६ तारीख. पातळ, पारदर्शक, तार सुटणारा स्राव. खाज नाही, वास नाही.

या चार ओळींत डॉक्टरांना किती दिसतं पाहा. रात्री पॅडसाठी उठावं लागणं आणि मोठ्या गुठळ्या म्हणजे रक्तस्राव जास्त आहे, हिमोग्लोबिन बघायला हवं. पाळीत शौचाला कळ येणं ही एंडोमेट्रिओसिसची (अस्तरासारखी ऊती पिशवीबाहेर वाढण्याच्या आजाराची) शंका घेण्याजोगी गोष्ट. आणि २६ तारखेचा स्राव हा आजारच नव्हे, तो चक्राचा पंधरावा दिवस आहे, बीज सुटण्याच्या सुमाराचा नेहमीचा स्राव. तोंडी सांगताना हे तिन्ही "अंगावरून जातं आणि दुखतं" या एका वाक्यात हरवलं असतं.

पायरी २: कशासाठी थांबायचं नाही, हे आधी माहीत करून घ्या

काही लक्षणांसाठी नोंद नको, अपॉइंटमेंटची वाटही नको. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि हे लागोपाठ दोन-तीन तास चाललंय, सोबत चक्कर किंवा धडधड आहे, तर थेट रुग्णालयात जा. पाळी चुकलीय, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, थोडं रक्त दिसतंय, खांद्याच्या टोकाशी दुखतंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर गर्भ पिशवीऐवजी नळीत वाढत असण्याची शक्यता असते आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. घरी केलेली चाचणी दिवस गेलेत एवढंच सांगते, गर्भ कुठे आहे ते सांगत नाही. अचानक एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी अंडाशय वाचणं हे तासांवर अवलंबून असतं. ताप, ओटीपोटात दुखणं आणि घाण वासाचा स्राव हे तिन्ही एकत्र असतील तर जंतुसंसर्ग वरपर्यंत पोचल्याची शक्यता धरून त्याच दिवशी दाखवा.

पाळी कायमची गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तपासणी करून घ्यायचीच. इथे रात्रीच्या रात्री धावपळ नको, पण महिना-दोन महिने थांबून बघणंही नको. बहुतेकींमध्ये कारण साधं निघतं, योनिमार्गाचा कोरडेपणा किंवा छोटा मस्सा. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर लवकर सापडतो तो बहुतेकदा याच एका डागामुळे.

पायरी ३: तुमची तक्रार कोणत्या घरातली, ते ओळखा

हेतू स्वतःच निदान करण्याचा नाही. काय सांगायचं, काय लपवायचं नाही आणि कोणत्या तपासणीची अपेक्षा ठेवायची, एवढं कळावं म्हणून.

*पाळीतलं दुखणं.* गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, त्यांच्यामुळे पिशवीचे स्नायू आवळतात आणि कळा येतात. पहिले एक-दोन दिवस दुखणं, गरम पाण्याच्या पिशवीने किंवा साध्या गोळीने उतरणं आणि रोजची कामं होत राहणं, हे नेहमीचं दुखणं. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या हे द्रव्य तयार होणंच कमी करतात, त्यामुळे कळा शिगेला पोचायची वाट न बघता सुरुवातीलाच, काही खाऊन घेतल्या तर जास्त उपयोगी पडतात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा औषधांनी वाढणारा दमा असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

गोळी घेऊनही अंथरूण सुटत नाही, पाळीच्या आधीपासून दुखायला लागतं, संबंधांच्या वेळी आत खोलवर दुखतं, लघवीला किंवा शौचाला पाळीच्याच दिवसांत कळ येते, तर हे "सगळ्यांनाच होतं" या सदरात टाकू नका. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती पिशवीच्या बाहेर, अंडाशयांवर किंवा आतड्याजवळ वाढते त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना तो असतो, तरीही त्याचं निदान व्हायला कित्येक वर्षं जातात. एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा: सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही असं ठरत नाही. छोटे डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत. "रिपोर्टमध्ये काही नाही, मनाचं आहे" असं कुणी म्हणालं आणि दुखणं तसंच असलं, तर दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवा. तुमचं दुखणं खरं आहे.

*जास्त रक्त जाणं.* दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गुठळ्या, आठ दिवसांच्या पुढे चालणारी पाळी, ही त्याची खूण. कारणं अनेक: फायब्रॉइडच्या गाठी, अस्तरातला मस्सा, अस्तर स्नायूंमध्ये शिरल्याने होणारा ॲडेनोमायोसिस, थायरॉइड, रक्त न गोठण्याचे दोष. मुलीला अगदी पहिल्या पाळीपासूनच फार रक्त जात असेल तर रक्त गोठण्याची तपासणी विसरू नये.

फायब्रॉइड हा शब्द रिपोर्टवर वाचून अनेकींना धस्स होतं. या गाठी स्नायूंच्या असतात आणि कॅन्सर असणं अतिशय दुर्मीळ. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांमध्ये त्या लहानमोठ्या सापडतात आणि पाळी गेल्यावर सहसा आक्रसतात. त्रास आकारापेक्षा जागेवर ठरतो. अस्तराला लागून असलेली दोन सेंटिमीटरची गाठ रक्ताचे पाट वाहवेल, आणि बाहेरच्या अंगाला असलेली पाच सेंटिमीटरची गाठ आयुष्यभर गप्प राहील. म्हणून रिपोर्ट बघताना "गाठ कुठे आहे?" हे विचारा.

रक्त जास्त जात असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडाही, बघून घ्या. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, पण शरीरातला लोहाचा साठा त्याच्या बराच आधी आटलेला असतो. दम लागणं, केस गळणं, सतत थकवा, याचा उलगडा कधीकधी या एका आकड्यात होतो.

*पाळी लांबणं आणि पीसीओएस.* पाळी चुकली की पहिली तपासणी गरोदरपणाची, मग बाकीच्या. त्यानंतर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन. सोनोग्राफीत "पॉलिसिस्टिक अंडाशय" लिहून आलं म्हणून लगेच पीसीओएस, म्हणजे हार्मोनच्या बिघाडाने बीज वेळेवर न सुटण्याचा विकार, ठरत नाही. प्रौढ स्त्रीत तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा (हनुवटीवर राठ केस, हट्टी मुरुमं, किंवा रक्त तपासणीत वाढ) आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवर विसंबूच नये, कारण त्या वयात अंडाशय तसेही भरलेले दिसतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीवर नुसत्या सोनोग्राफीवरून आयुष्यभराचा शिक्का मारला जातो, हे मला फार खटकतं.

पीसीओएस असेलच तर दोन गोष्टी सोडू नका. एक, साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब वेळोवेळी तपासणं. दुसरी, पाळीशिवाय तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ जाऊ न देणं, कारण अस्तर न पडता साचत राहिलं तर पुढे त्यात बिघाड होऊ शकतो. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यात ५ ते १० टक्के घटही पाळी सुधारायला पुरते. सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो, त्यांना "वजन कमी कर" एवढंच सांगून परत पाठवणं हा उपचार नव्हे.

*अंगावरून पांढरं जाणं.* योनिमार्गात स्राव असतोच. लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू तिथे आम्लता टिकवतात आणि इतर जंतूंना दूर ठेवतात. त्यामुळे आतून साबण, सुगंधी द्रव, जंतुनाशक यांपैकी काहीही वापरू नका, बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरे. बिघाड ओळखायचा तो बदलावरून. दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट स्राव आणि जीव नकोसा करणारी खाज असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग. करडा, पातळ स्राव आणि माशासारखा वास, विशेषतः संबंधांनंतर, असेल तर जंतूंचा समतोल बिघडलेला. पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग दर्शवतो. हा संसर्ग संबंधांतून पसरतो, म्हणून जोडीदारालाही त्याच वेळी औषध द्यावं लागतं, नाहीतर तुम्ही बऱ्या होऊन पुन्हा तिथेच.

या तिघांची औषधं वेगवेगळी आहेत. मागच्या वेळची उरलेली गोळी किंवा दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं की खाज दोन दिवस दबते आणि निदान अवघड होतं. बुरशीचा संसर्ग वर्षातून तीन-चार वेळा होत असेल तर साखर तपासून घ्या.

*लघवीला जळजळ.* स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, त्यामुळे जंतू मूत्राशयात सहज पोचतात. प्रतिजैविक सुरू करण्याआधी मधल्या धारेची लघवी तपासायला द्या. थंडी वाजून ताप आणि पाठीत बरगड्यांखाली दुखणं म्हणजे संसर्ग मूत्रपिंडाकडे गेला असावा, मग उशीर करू नका.

*मूल हवं असताना दिवस न राहणं.* सुटलेलं बीज १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. म्हणजे चक्रातले साधारण सहाच दिवस उपयोगाचे. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा पस्तिशीनंतर सहा महिन्यांत राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून तपासणी करावी. दोघांनी, हे मुद्दाम लिहिते. जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं किंवा सोबतीने असतं, आणि वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी, कसलीही चिरफाड नसलेली तपासणी आहे. ती होण्याआधी बाईच्या नळ्या तपासायला घेऊ नयेत. मूल हवं असं ठरलं की रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करा. बाळाच्या मज्जारज्जूची घडण पहिल्या काही आठवड्यांत, बहुतेकींना दिवस गेल्याचं कळण्याआधीच होते.

*पाळी जाण्याचा काळ.* सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात, सहसा ४५ ते ५५ या वयात. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर ते लवकर आहे, हाडं आणि हृदयाच्या दृष्टीने त्याची दखल घ्यायला हवी. रजोनिवृत्तीआधीची काही वर्षं पाळी वेडीवाकडी येते, झोप उडते, अचानक अंगातून गरम वाफा येतात. ज्यांना फार त्रास आहे त्यांच्यासाठी हार्मोनचे उपचार आहेत, आणि साठीच्या आत असलेल्या निरोगी स्त्रीत त्यांचा फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या असा इतिहास असेल तर तो आधी सांगा. नुसता कोरडेपणा आणि संबंधांच्या वेळी दुखणं असेल तर स्थानिक इस्ट्रोजेन क्रीम पुरतं. पाळी अनियमित झाली म्हणून गर्भनिरोधक सोडू नका: पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष, पन्नाशीआधी दोन वर्षं ते चालू ठेवायचं असतं.

*अंग बाहेर येणं आणि लघवी सुटणं.* खोकताना, हसताना लघवीचे थेंब जाणं किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटणं हे बायका कुणालाच सांगत नाहीत. सांगा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून तीन महिने रोज केले तर लघवी सुटणं बऱ्याचजणींमध्ये कमी होतं. अंग उतरलं असेल तर आत बसवायची पेसरी नावाची कडी मिळते, आणि शस्त्रक्रिया हा पुढचा पर्याय आहे.

पायरी ४: तपासणीच्या खोलीत

जाताना नोंदी, जुने रिपोर्ट, चालू औषधांची नावं न्या. शेवटच्या पाळीची तारीख हा पहिला प्रश्न असतो. गरोदरपणं, गर्भपात, संबंध आहेत का, गर्भनिरोधक कोणतं, हेही विचारतील. ही चौकशी चारित्र्याची नसते, त्यावर औषध ठरतं. सोबत आलेल्या व्यक्तीसमोर बोलायचं नसेल तर "मला थोडा वेळ एकटीला बोलायचंय" असं सांगता येतं.

आतून तपासणी प्रत्येक वेळी लागत नाही. संबंध आलेले नसतील तर तसं सांगा, पोटावरून सोनोग्राफी होते. त्यासाठी मूत्राशय भरलेलं लागतं, आतून करायच्या सोनोग्राफीसाठी रिकामं. स्पेक्युलम हे चिमट्यासारखं उघडणारं उपकरण योनिमार्गात घालून पिशवीचं तोंड बघतात. थोडा दाब जाणवतो, पण तीव्र दुखता कामा नये. श्वास रोखू नका, पाठ टेबलाला टेकू द्या, आणि दुखलं तर "थांबा" म्हणा. लहान आकाराचा स्पेक्युलम मागता येतो, खोलीत स्त्री परिचारिका हवी असं सांगता येतं. तपासणीला संमती तुमची लागते आणि ती मध्येच मागेही घेता येते.

पायरी ५: काहीच त्रास नसतानाची एक तपासणी

गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ सगळाच एचपीव्ही विषाणूमुळे होतो, हेराल्ड त्सुर हाउसेन यांना त्याच्या शोधासाठी २००८ चं नोबेल मिळालं. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत सहसा १५ ते २० वर्षं जातात, म्हणजे मध्ये पकडायला भरपूर अवधी असतो. जागतिक आरोग्य संघटना ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते, एचआयव्ही असलेल्यांना २५ पासून दर ३ ते ५ वर्षांनी. या चाचणीचा नमुना स्वतःलाही घेता येतो. पॅप चाचणी (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) असेल तर पाळीचे दिवस टाळा, आणि आधीचे दोन दिवस संबंध आणि योनिमार्गातली औषधं टाळा. एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात सर्वांत चांगलं काम करते. लस घेतली तरी पुढे तपासणी चालू ठेवायची. संबंधांनंतर रक्त दिसत असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दाखवा.

पायरी ६: औषध लिहून मिळाल्यावर

गोळ्या नेमक्या कशासाठी, किती दिवस, फरक कधी दिसायला हवा, हे तिथेच विचारून लिहून घ्या. हार्मोनच्या गोळ्या सुरू करण्याआधी अर्धशिशीच्या वेळी डोळ्यांपुढे चमकणं, उच्च रक्तदाब, पायात रक्ताची गुठळी झालेली असणं, पस्तिशीनंतर धूम्रपान यांपैकी काही असेल तर सांगायलाच हवं. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या अशांना चालत नाहीत. तीन महिने औषध घेऊन फरक पडला नाही तर नोंदी घेऊन परत जा आणि तसं स्पष्ट सांगा.

आणि पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर, जोवर कॅन्सर किंवा न थांबणारा रक्तस्राव नाही, तोवर घाई नसते. दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या. हे विचारा: कोणतं कारण आहे? आधी गोळ्यांनी, गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाने किंवा नुसती गाठ काढून भागेल का? अस्तराचा तुकडा तपासलाय का? पिशवीचं तोंडही काढणार का? अंडाशय ठेवणार की तेही काढणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर संमतिपत्रावर सही करण्याआधी हातात हवं, कारण पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही अंडाशय निघाले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी सुरू होते, आणि हाडं व हृदय जपण्यासाठी हार्मोनचा उपचार द्यायचा की नाही हे आधीच ठरवावं लागतं.